तान्ह्या बाळाचा एमआरआय आणि ‘किरणां’ची भीती

“तान्ह्या बाळाचा एमआरआय करू नका, किरणांनी मेंदू अधू होतो.” हा मेसेज जळगाव-धुळ्याकडच्या घरगुती ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरतोय. भीती समजण्यासारखी आहे; एक्स-रे, सीटी, एमआरआय ही सगळी मशिनं आपल्याला एकाच जातीची वाटतात. पण क्ष-किरण पहिल्या दोनांतच असतात. एमआरआय चालतो चुंबक आणि रेडिओ लहरींवर.

त्यातल्या डिफ्युजन तपासणीत मेंदूतलं पाणी कुठल्या दिशेला सरकतं ते मोजतात. रावेरकडच्या केळीचा खांब सोलून पाहिलाय? धागे उभेच निघतात. मेंदूतल्या तंतूंच्या जुडग्यांतही पाणी लांबीच्या दिशेने सहज सरकतं, आडवं कमी. त्यावरून कोणते जोडमार्ग जन्मतःच दिसतात, कोणते अजून पक्के होताहेत, याचा अंदाज बांधतात.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात याची खात्री करायचीय? सीटीच्या दारावर तीन पात्यांचं किरणोत्साराचं चिन्ह असतं, एमआरआयच्या दारावर चुंबकाचा इशारा.

जपायचं ते वेगळंच. मशीनचा आवाज मोठा, म्हणून बाळाचे कान झाकतात. वाळे, ताईत, झबल्याची पिन बाहेर. बऱ्याचदा दूध पाजून, दुपट्यात गुंडाळून झोपेतच काम उरकतं. भूल द्यायची म्हणाले, तर तिचे धोके मात्र डॉक्टरांना जरूर विचारा.