ओझरच्या विमानामागचं जगाचं राजकारण

नाशिकमध्ये एक व्याख्यान होणार आहे, विषय आहे जागतिक सत्ता आणि राष्ट्रीय सुरक्षा, आणि वक्ते राज्यशास्त्राचे अभ्यासक, म्हणजे अमेरिका, चीन, रशिया, युक्रेन हे सगळं येणारच. पण नाशिककरांनी ऐकायला जाताना आपल्याच जिल्ह्याचा मागचा साठ वर्षांचा इतिहास थोडा आठवून जावं असं मला मनापासून वाटतं. मोठ्या देशांचं जमलं किंवा बिघडलं की त्याचा परिणाम ओझरच्या एचएएल या सरकारी विमान कारखान्यातल्या कामावर आणि तिथून सातपूर-अंबडच्या छोट्या वर्कशॉपपर्यंत होतो, हे आपण इतकी वर्षं बघत आलोय.

सुरुवात १९६२ पासून करावी लागते. चीनकडून मार खाल्ला, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पद सोडावं लागलं आणि नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रीपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय, पण ते १९६३ च्या पोटनिवडणुकीत लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले ते आपल्या नाशिकमधून, हे आजच्या कॉलेजच्या मुलांना विचारा, फार थोड्यांना माहीत असतं. देशाच्या सगळ्यात अवघड काळातला संरक्षणमंत्री नाशिकचा खासदार होता!

आता मिगचं बघा. सोव्हिएत युनियनबरोबर मिग-२१ या लढाऊ विमानाचं बोलणं युद्धाच्या आधीच पक्कं होत आलं होतं. पाकिस्तानला अमेरिकेने एफ-१०४ हे त्या काळातलं भारी लढाऊ विमान दिलं होतं आणि आपल्याला ते हवं होतं. चव्हाण १९६४ च्या मे महिन्यात अमेरिकेला गेले, त्यातच नेहरू गेल्याची बातमी आली आणि दौरा अर्धवट सोडून परतावं लागलं, एफ-१०४ काही मिळालं नाही. मग त्याच वर्षी ते मॉस्कोला गेले. सोव्हिएतांनी नुसती विमानं विकली नाहीत, इथे बनवायचं लायसन्स दिलं आणि पैसेही रुपयात चालतील म्हटलं, डॉलरची चणचण असलेल्या देशासाठी ही केवढी मोठी गोष्ट! काम तीन ठिकाणी वाटलं गेलं, विमानाचा सांगाडा नाशिकला, इंजिन ओडिशात कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. ओझरचा कारखाना उभा राहिला तो असा.

पुढच्याच वर्षी, १९६५ च्या युद्धात अमेरिका आणि ब्रिटनने शस्त्रपुरवठा बंद केला तेव्हा एकाच दुकानावर अवलंबून राहिलं की काय होतं ते दिल्लीला कळलं. आयडीएसए ही दिल्लीतली संरक्षण अभ्यास संस्था त्याच वर्षी निघाली, चव्हाण संरक्षणमंत्री असतानाच. आज सुरक्षेवर बोलणाऱ्या अभ्यासकांची जी परंपरा आहे तिचं एक मूळ तिथे आहे. आणि १९७१ ला ऑगस्टमध्ये सोव्हिएत मैत्री करार झाला, डिसेंबरमध्ये बांगलादेश युद्ध चालू असताना अमेरिकेचं एंटरप्राइज हे विमानवाहू जहाज बंगालच्या उपसागराकडे निघालं, तरी ढाक्यात पाकिस्तानी गव्हर्नरच्या गव्हर्नमेंट हाऊसवर मिग-२१ ने हल्ला केलाच.



पण ज्याच्या मैत्रीवर कारखाना उभा राहिला तो देशच १९९१ ला राहिला नाही. सुटे भाग बनवणारे कारखाने वेगवेगळ्या नव्या देशांत गेले, रुपया-रुबलचा हिशोब अडकला, आणि आपल्या हवाई दलाला पार्ट मिळवताना घाम फुटला. १९९८ ला पोखरणच्या चाचण्या केल्या तर अमेरिकेने निर्बंध लावले आणि तेजस या आपल्या देशी लढाऊ विमानाच्या फ्लाइट कंट्रोलवर, म्हणजे विमान हवेत सांभाळणाऱ्या संगणक यंत्रणेवर, तिथे काम करणाऱ्या आपल्या इंजिनिअरांना परत पाठवलं, ते काम मग आपल्या लोकांनी इथे पूर्ण केलं आणि ४ जानेवारी २००१ ला तेजस उडालं. मला या सगळ्या इतिहासातला सगळ्यात अभिमानाचा भाग हाच वाटतो, मोठमोठ्या करारांपेक्षाही.

ओझरला मिगनंतर सुखोई-३० आलं, तेही रशियन लायसन्सवर. वर्षानुवर्षं काम चाललं, मग ऑर्डर संपत आली आणि पुढे काय ही चिंता कामगारांच्या घराघरात होती. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ सुखोईंचा सुमारे साडेतेरा हजार कोटींचा करार झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झालं आणि १७ ऑक्टोबरला ओझरला तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए, म्हणजे तेजसची सुधारित आवृत्ती, तिथूनच उडालं. नव्या लाइनची क्षमता वर्षाला ८ विमानांची आहे.

एवढं सगळं असूनही तेजसचं इंजिन अमेरिकन जीई कंपनीचं आहे. ९९ इंजिनांची ऑर्डर २०२१ ला दिली आणि पहिलं इंजिन हातात पडलं मार्च २०२५ मध्ये, तोवर विमानं लांबत गेली. आपलं स्वतःचं कावेरी इंजिन १९८० च्या दशकापासून सुरू आहे पण तेजसला लागेल तेवढी ताकद त्यातून निघाली नाही.

व्याख्यानात कौटिल्याचा मंडल सिद्धांत (शेजारी तो शत्रू, शेजाऱ्याचा शेजारी तो मित्र) येईल, अनेक सत्ताकेंद्रांचं बहुध्रुवीय जग येईल, ते ऐकायला मला आवडतंच. पण प्रश्नोत्तरात मी हेच विचारणार आहे की रशियाकडून लायसन्स आणि अमेरिकेकडून इंजिन घेणाऱ्या देशाने दोघांचं भांडण लागल्यावर कुठवर तटस्थ राहायचं, आणि स्वतःचं इंजिन बनवायला किती वर्षं, किती पैसे सलग द्यायची तयारी ठेवायची. ओझरच्या लाइनवर उभ्या असलेल्या माणसाला त्याचं उत्तर हवंय.