गुणसूत्र २ (मानवी)

मानवी पेशीकेंद्रकातील आकाराने दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र. पेशीतील एकूण डीएनएपैकी सुमारे ८ टक्के डीएनए यात असतो. मात्र उत्क्रांतीच्या अभ्यासात त्याला महत्त्व आले ते त्याच्या मध्याजवळच्या एका सांध्यामुळे.

चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात, माणसाच्या पेशीत ४६. ही साधी वाटणारी मोजणी नीट व्हायलाही बराच काळ गेला. १९२० च्या दशकापासून माणसाची गुणसूत्रेही ४८ च मानली जात. जो हिन जिओ व अल्बर्ट लेव्हान यांनी कॉल्चिसिन हे रसायन वापरून पेशी ऐन विभाजनात थांबवल्या आणि कमी क्षारांच्या द्रावणात फुगवल्या. गुणसूत्रे सुटी पसरली आणि ४६ हा आकडा १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला.

मग एक जोडी गेली कुठे? ती गेली नाही, जोडली गेली. चिंपांझीची दोन गुणसूत्रे टोकाला टोक लावून ठेवली, तर रंगवल्यावर त्यांवर दिसणारे पट्टे मानवी गुणसूत्र २ शी जुळतात. १९९१ मध्ये खुद्द सांध्यातील डीएनएच्या अक्षरांचा क्रम वाचला गेला. टीटीएजीजीजी ही सहा अक्षरांची आवर्तने एरवी गुणसूत्राच्या टोकाला, टेलोमिअरमध्ये असतात. येथे ती गुणसूत्राच्या आत सापडली, आणि एका जागी येताच त्यांची दिशा उलटली. दोन टोके समोरासमोर चिकटल्याची याहून स्पष्ट खूण मिळणे कठीण. पेशीविभाजनात गुणसूत्र ज्या जागी धरून ओढले जाते तो गुणसूत्रबिंदू; अशा दुसऱ्या बिंदूचे अवशेषही शिल्लक आहेत. दोन्ही बिंदू सक्रिय राहिले असते, तर विभाजनात गुणसूत्र दोन बाजूंना ओढले जाऊन तुटण्याचा धोका होता.

असा बदल झालेल्या पहिल्या व्यक्तीला संतती कशी झाली, हा प्रश्न रास्तच आहे. आजही साधारण हजारात एका माणसाची दोन गुणसूत्रे वेगळ्या प्रकारे जोडलेली असतात. अशा बहुतेकांची गुणसूत्रे ४५ भरतात. गर्भपाताचा धोका वाढतो, पण ती माणसे सहसा निरोगी असतात आणि त्यांना मुलेही होतात.

या जोडणीमुळेच माणूस घडला, असे सर्रास सांगितले जाते. त्याला आधार नाही. सांध्याच्या दोन्ही बाजूंची जनुके बहुतांशी तशीच राहिली. शिवाय हा सांधा केवळ आपला नाही. सायबेरियातील डेनिसोव्हा गुहेत सापडलेल्या बोटाच्या हाडातील डीएनए २०१२ मध्ये बारकाईने वाचला गेला, तेव्हा त्यातही तो आढळला. म्हणजे आपली आणि डेनिसोव्हा मानव या नामशेष मानवगटाची वाट वेगळी होण्याआधीच, काही लाख वर्षांपूर्वी, ही जोडणी झालेली होती.