दोन किलोंच्या कुत्र्याची भूक

परिचयातल्या एका घरी दहा आठवड्यांचं पॉमेरेनियन पिल्लू आलं. वजन किलोभरही नाही. आधी त्या घरात ३० किलोंचा लॅब्राडॉर होता, त्यामुळे कुत्र्याला दोन वेळा खायला घालायची सवय पक्की झालेली. चौथ्या दिवशी सकाळी पिल्लू उभंच राहीना. पाय लटपटत होते, मान टाकलेली, हिरड्या पांढुरक्या. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तसं हिरड्यांना मध चोळून त्याला दवाखान्यात नेलं. रक्तातली साखर खूप उतरली होती. पिल्लू वाचलं. पण घरातले पुन्हा पुन्हा म्हणत होते, "एवढासा जीव, त्याला लागून लागून किती लागणार?"

हिशेब इथेच चुकतो. ३० किलोंच्या कुत्र्याला जेवढं लागतं त्याच्या पंधराव्या हिश्श्यात २ किलोंच्या कुत्र्याचं भागेल असं आपण सहज धरून चालतो. तसं केलं तर तो कुत्रा अर्धपोटी राहील.

हे कोडं पहिल्यांदा नीट मोजलं ते माक्स रुबनर या जर्मन शास्त्रज्ञाने, आणि तेही कुत्र्यांवरच. १८८३ साली त्याने सुमारे ३ किलोंपासून ३१ किलोंपर्यंतच्या कुत्र्यांच्या शरीरात रोज किती उष्णता तयार होते ते पाहिलं. सर्वांत मोठ्या कुत्र्यात दर किलोमागे ती साधारण ३६ किलोकॅलरी भरली, सर्वांत लहानात ८८! मात्र वजनाऐवजी कातडीच्या क्षेत्रफळाने भागल्यावर सगळे आकडे जवळजवळ आले.

कपातला चहा पातेल्यातल्या चहाच्या आधी निवतो, त्यामागेही हेच भूमितीचं गणित आहे. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचं आकारमान १ आणि पृष्ठफळ ६. बाजू १० सेंटिमीटर केली की आकारमान १०००, पृष्ठफळ मात्र ६००. वस्तू जितकी लहान, तितकी तिच्या वाट्याला 'आतल्या'पेक्षा 'बाहेर' जास्त. लहान कुत्रा सतत उष्णता गमावत असतो आणि ती भरून काढायला सतत इंधन जाळत असतो.

पुढची गोष्ट मला याहून सुंदर वाटते. निव्वळ पृष्ठफळाचा खेळ असता तर ऊर्जेची गरज वजनाच्या २/३ घाताने वाढली असती. १९३२ मध्ये माक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने उंदरांपासून बैलांपर्यंतचे आकडे एका आलेखावर मांडले, तेव्हा घातांक ३/४ च्या जवळ निघाला. असं का? १९९७ साली वेस्ट, ब्राउन आणि एन्क्विस्ट या तीन शास्त्रज्ञांनी मांडलं की याचं उत्तर रक्तवाहिन्यांच्या फाट्यांत आहे. वाहिनीला फांद्या फुटत जातात, पण शेवटची केशवाहिनी हत्तीत काय नि उंदरात काय, जवळपास तेवढ्याच आकाराची. अशा जाळ्याचं गणित सोडवलं की ३/४ बाहेर पडतो. हे स्पष्टीकरण सर्वांना पटलेलं नाही, वाद चालू आहे. पशुवैद्यक मात्र हा घातांक रोज वापरतात.

साध्या कॅल्क्युलेटरवर करून बघा. वजनाचा घन करा, दोनदा वर्गमूळ काढा, ७० ने गुणा. २ चा घन ८, वर्गमूळ २.८३, पुन्हा वर्गमूळ १.६८, गुणाकार ११८. ही झाली विश्रांतीच्या स्थितीतली रोजची गरज, किलोकॅलरीत. ३० किलोंसाठी ती सुमारे ९०० येते. म्हणजे दर किलोला एकीकडे ५९, दुसरीकडे ३०. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी या आकड्याला साधारण १.६ ने गुणतात. वाढत्या पिल्लाला त्याहूनही जास्त लागतं.

खर्च असा दुप्पट, आणि साठा मात्र तुटपुंजा. पिल्लाच्या इवल्या यकृतात ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, थोडंच मावतं, स्नायूही बारीक, आणि त्या मानाने मोठा मेंदू ग्लुकोज मागत राहतो. रात्रीचा लांब उपास तिथेच महागात पडतो.

लाडाचं गणितही याच मापाने करायला हवं. २ किलोंच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला १९० किलोकॅलरी पुरतात. वरचं खाणं त्याच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायचं, म्हणजे चीजचा फाशाएवढा एक तुकडा. तेवढ्यात दिवसाचा कोटा संपला. चॉकलेट तर नकोच: जेमतेम २० ग्रॅम मिल्क चॉकलेटनेही एवढ्याशा कुत्र्याला विषबाधेची लक्षणं दिसू शकतात, आणि गडद चॉकलेट त्याहून घातक. द्राक्षं, मनुका, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोडवा) घातलेले पदार्थही त्याच्या तोंडापासून दूर ठेवावेत.

'कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला फक्त कच्चं मांस द्या' हा प्रचार सध्या जोरात आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात लांडग्यांमध्ये पिष्ट पचवणाऱ्या अमायलेज जनुकाच्या २ प्रती आढळल्या, कुत्र्यांमध्ये ४ ते ३०. माणसासोबत राहून कुत्र्याचं पचन बदललं आहे. नीट शिजवलेलं धान्य त्याला पचतं; धान्याला विष ठरवून महाग पाकिटं विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

त्या घरातलं पिल्लू आता दिवसातून चार वेळा खातं, शेवटचं खाणं झोपण्याआधी. वाटीशेजारी स्वयंपाकघरातला वजनकाटा असतो. दर आठवड्याला आधी पिल्लू काट्यावर बसतं, मग त्याच्या कोरड्या खाद्याचे दाणे.