पैलवानांच्या त्वचेचे संसर्ग

कुस्ती खेळताना पैलवानाची मान, कान आणि चेहरा प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला सतत घासला जातो, घामाने त्वचा मऊ पडते आणि पकडीच्या रेट्यात तिच्यावर बारीक ओरखडे उठतात. त्वचेच्या संसर्गाला याहून सोयीची परिस्थिती क्वचितच सापडेल. कोल्हापूरच्या तालमीतील लाल मातीचा हौदा असो वा मॅट, संसर्ग मुख्यतः त्वचेकडून त्वचेकडेच जातो.

सर्वांत परिचित आजार म्हणजे नायटा. लालसर, उठावदार कडा आणि मध्यभागी निवळलेली त्वचा ही त्याची खूण असली, तरी सुरुवातीला तो नुसता खाजरा, खवलेदार डाग असतो आणि म्हणून दुर्लक्षित राहतो. भारतात टर्बिनाफिन या बुरशीनाशक औषधाला दाद न देणारी नायट्याची बुरशी गेल्या दशकात झपाट्याने पसरली असून, 2020 मध्ये तिला ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ हे नाव मिळाले. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉईडमिश्रित मलम येथे विशेष घातक ठरते, कारण त्याने खाज थांबते, लाली ओसरते, पण त्वचेची स्थानिक प्रतिकारशक्ती दबल्यामुळे बुरशी फोफावते आणि डागाचे रूप इतके पालटते की डॉक्टरांनाही निदान अवघड जाते. डाग दिसेनासा झाला तरी डॉक्टरांनी सांगितलेली मुदत पूर्ण करणे म्हणूनच आवश्यक आहे.

याहून गंभीर, पण आपल्याकडे कमी ओळखला जाणारा संसर्ग हर्पीस सिम्प्लेक्स या विषाणूचा. 1989 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथील कुस्ती शिबिरात 175 पैकी 60 मल्लांना तो झाला. आधी चुणचुण किंवा जळजळ, कधी ताप व घसादुखी, आणि मग लाल त्वचेवर बारीक पाणीदार फोडांचा पुंजका, असा त्याचा क्रम असतो. विषाणू मज्जापेशींत कायमचा दडून राहतो व पुन्हा उद्भवू शकतो. डोळ्यापर्यंत पोहोचला तर दृष्टीला धोका असतो. अमेरिकी महाविद्यालयीन नियमांनुसार 72 तास नवा फोड न येणे, जुन्यांवर कोरडी खपली धरणे आणि किमान 120 तास विषाणूरोधक गोळ्या घेतलेल्या असणे, या अटी पूर्ण झाल्याशिवाय मल्लाला उतरता येत नाही. वर पट्टी बांधून खेळणे तेथे ग्राह्य धरत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

गळू किंवा मधाच्या रंगाची खपली जिवाणूसंसर्ग सुचवते. गळू स्वतः पिळू नये.

खरा उपाय वस्तादांच्या हातात आहे. सरावाआधी चांगल्या उजेडात प्रत्येकाची त्वचा पाहणे, सरावानंतर लगेच साबणाने अंघोळ, टॉवेल व वस्तरा स्वतंत्र, लंगोट रोज धुऊन उन्हात वाळवलेला, मॅट जंतुनाशकाने पुसलेली, एवढी शिस्त कोणत्याही तालमीला परवडते. मात्र डाग दाखवणाऱ्या मुलाला स्पर्धेतून नाव कापले जाण्याची भीती वाटत असेल, तर तो डाग लपवील आणि आठवडाभरात त्याच्या जोडीदारांच्या अंगावरही तो दिसू लागेल.