डीप स्पेस नाइन मालिकेतील दुय्यम पात्रे

‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’ ही अमेरिकी विज्ञानकथा मालिका जानेवारी १९९३ ते जून १९९९ या काळात सात पर्वांत प्रसारित झाली. रिक बर्मन आणि मायकेल पिलर यांनी ती निर्माण केली. नंतरच्या पर्वांत लेखनाची सूत्रे आयरा स्टीव्हन बेअर यांच्या हाती होती. कमांडर सिस्को, मेजर कीरा, ओडो, क्वार्क ही तिची मुख्य पात्रे. मात्र मालिकेचा खरा कस दिसतो तो सुरुवातीच्या श्रेयनामावलीत ज्यांचे नाव झळकत नाही अशा दुय्यम पात्रांत. दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथेत पाहुण्या कलाकारांच्या भूमिका इतक्या लांबवर आणि इतक्या खोलवर नेल्याची उदाहरणे थोडीच आहेत.

याचे मूळ मालिकेच्या रचनेत आहे. आधीच्या दोन स्टार ट्रेक मालिका अंतराळयानावर घडत. यान एखाद्या ग्रहाशी थांबे, पेच सुटे आणि भाग संपताना ग्रहासकट तिथली माणसेही मागे पडत. डीप स्पेस नाइन हे अंतराळस्थानक मात्र बजोर ग्रहाजवळ, आकाशगंगेच्या गॅमा क्वाड्रंट या दूरच्या चतुर्थांशाला जोडणाऱ्या कृमिविवराच्या (वर्महोलच्या) तोंडाशी एका जागी उभे आहे. पन्नास वर्षे बजोरवर राज्य केलेले कार्डेशियन सैन्य नुकतेच तिथून गेले आहे. इथे कोणी निघून जात नाही, त्यामुळे काल घेतलेल्या निर्णयाची किंमत पुढच्या पर्वातही मोजावी लागते. व्यापारी, पुरोहित, हेर, जुने शत्रू त्याच दुकानांच्या रांगेत आणि क्वार्कच्या बारमध्ये पुन्हा पुन्हा समोरासमोर येतात.

गॅरक (अँड्र्यू रॉबिन्सन) हा स्थानकावरचा शिंपी. पहिल्या पर्वात तो एकाच भागात दिसतो. नियमित येऊ लागतो तो दुसऱ्या पर्वापासून. हद्दपार झालेला हा कार्डेशियन पूर्वी ‘ऑब्सिडियन ऑर्डर’ या गुप्तचर संघटनेत होता, हे हळूहळू उलगडत जाते, पण पुरते कधीच उलगडत नाही. ‘द वायर’ या भागात आजारी गॅरक डॉक्टर बशीरला आपल्या हद्दपारीची कहाणी सांगतो, आणि दर वेळी वेगळी सांगतो. प्रत्येक कहाणीत इलिम नावाचा एक सहकारी असतो. शेवटी कळते की इलिम हे गॅरकचेच पहिले नाव. यातले खरे काय, असे बशीर विचारतो तेव्हा गॅरक म्हणतो की सगळेच खरे, विशेषतः त्यातल्या थापा. सहाव्या पर्वातील ‘इन द पेल मूनलाइट’मध्ये गॅमा क्वाड्रंटमधल्या डोमिनियन या सत्तेविरुद्धच्या युद्धात रोम्युलन साम्राज्याला ओढण्यासाठी स्थानकाचा प्रमुख सिस्को याच माणसाची मदत घेतो. गॅरक एका रोम्युलन सिनेटरचा काटा काढतो. संतापलेला सिस्को त्याच्यावर हात उचलतो, तेव्हा गॅरक शांतपणे हिशेब मांडतो: एक सिनेटर, एक गुन्हेगार आणि एका अधिकाऱ्याचा स्वाभिमान एवढ्यावर अवघा क्वाड्रंट वाचत असेल, तर सौदा स्वस्तच म्हणायचा. नायकाला करवत नाही ते दुय्यम पात्र करून मोकळे होते, आणि दोष मात्र दोघांच्याही माथी येतो.

गुल डुकाट (मार्क अलाइमो) पहिल्याच भागात येतो. हा बजोरवरील कार्डेशियन राजवटीचा अखेरचा प्रमुख. गोड बोलणारा, मुलीवर जीव टाकणारा, आणि बजोरन लोकांनी आपले उपकार मानायला हवे होते असे मनापासून समजणारा. अलाइमो यांनी तो इतका लोभस रंगवला की प्रेक्षकांना त्याची बाजू पटू लागली. ‘वॉल्ट्झ’ (१९९८) या भागात लेखकांनी तो गोडवा उतरवून आतला द्वेष उघडा केला. त्यानंतरचा डुकाट सैतानी शक्तींच्या नादी लागलेला, अधिक ढोबळ होत गेला. आधीचा डुकाट निश्चितच श्रेष्ठ होता.

त्याचा हाताखालचा अधिकारी डमार (केसी बिग्ज) चौथ्या पर्वात येतो तो चार-दोन वाक्यांपुरता. हाच पुढे डुकाटच्या मुलीला, झियालला, गोळी घालतो, डोमिनियनच्या वर्चस्वाखालच्या कार्डेशियाचा नामधारी प्रमुख होतो, दारूच्या आहारी जातो आणि अखेर डोमिनियनविरुद्ध बंड पुकारतो. बंडाला लढ्याचे धडे द्यायला कीरा येते. एकेकाळी तिने याच कार्डेशियनांविरुद्ध गनिमी लढा दिलेला असतो. बायको आणि मुलाच्या हत्येची बातमी येते तेव्हा डमार उद्गारतो, निरपराधांना मारण्याचे हुकूम देणारे हे कसले राज्य? कीरा तोच प्रश्न त्याच्याकडे परतवते: असे हुकूम देणारी माणसे असतात तरी कशी? डमार काही न बोलता निघून जातो. सबंध मालिकेत बजोरच्या गुलामगिरीबद्दल याहून धारदार संवाद नाही, आणि त्याचा अर्धा भार उचलणारे पात्र मुळात पार्श्वभूमीला उभे करण्यासाठी आणलेले होते.

विन अडामी ही बजोरन धर्मगुरू, पुढे ‘काय’ या सर्वोच्च पदावर पोहोचलेली. ऑस्करविजेत्या लुईस फ्लेचर यांनी ती साकारली. लाघवी हसू आणि त्यामागची सत्तेची हाव यांमुळे ती डुकाटइतकीच तिरस्करणीय वाटते; पण पाचव्या पर्वात ती कीराला सुनावते की लढणाऱ्यांच्या हातात निदान शस्त्रे होती, आपण धर्म शिकवल्याबद्दल पाच वर्षे छावणीत मार खाल्ला तो निव्वळ श्रद्धेच्या बळावर. त्या एका प्रसंगाने पात्राचे वजन बदलते.

डोमिनियनचा प्रतिनिधी वेयून पहिल्याच भेटीत मारला गेला होता. जेफ्री कोम्ब्स यांचे काम आवडल्याने लेखकांनी त्याची जमातच क्लोनची ठरवली आणि एकामागून एक वेयून येत राहिले. क्वार्कच्याच फेरेंगी या व्यापारी जमातीतला अधिकारी ब्रंटही कोम्ब्स यांनीच केला. ‘द डॉग्ज ऑफ वॉर’मध्ये ही दोन्ही पात्रे एकाच भागात आहेत. लढवय्या क्लिंगॉन जमातीचा सेनानी मार्टोक (जे. जी. हर्ट्झलर), फेरेंगींचा सर्वेसर्वा झेक (वॉलेस शॉन) आणि बारमध्ये सदैव बसलेला, पडद्यावर एक शब्दही न बोलणारा मॉर्न (मार्क अॅलन शेफर्ड) ही पात्रेही लोकप्रिय झाली.

नॉग (अॅरन आयझेनबर्ग) हा क्वार्कचा पुतण्या. सुरुवातीला भुरटी चोरी करणारा हा पोरगा सिस्कोच्या स्टारफ्लीट या अंतराळदलातला पहिला फेरेंगी होतो. सातव्या पर्वात लढाईत त्याचा पाय जातो. कृत्रिम पाय बसवला तरी लंगडणे थांबत नाही, आणि तो होलोस्वीट या आभासी दालनातल्या १९६२ सालच्या लास व्हेगसमध्ये, गायक व्हिक फॉन्टेनच्या आभासी जगात, मुक्काम ठोकतो. तिथून बाहेर पडायला तो का घाबरतो, हे ‘इट्स ओन्ली अ पेपर मून’च्या शेवटाकडे तो रडत सांगतो: मला गोळी लागू शकते, तर पुढे काहीही होऊ शकते. या भागाचा सारा डोलारा दोन दुय्यम पात्रांवर उभा आहे आणि तो मालिकेतील उत्तम भागांपैकी आहे. आयझेनबर्ग २०१९ मध्ये निवर्तले. पुढच्या वर्षी ‘स्टार ट्रेक : डिस्कव्हरी’ मालिकेत एका यानाला नॉगचे नाव देण्यात आले.

मालिकेच्या अखेरीस क्वार्कचा भोळा भाऊ रॉम (मॅक्स ग्रोडेन्चिक) फेरेंगींची गादी सांभाळायला सज्ज झालेला दिसतो, मार्टोक क्लिंगॉन साम्राज्याचा चॅन्सेलर असतो आणि गॅरक बेचिराख झालेल्या कार्डेशियाला परततो. गॅरकची कथा मात्र तिथे थांबली नाही. चाहत्यांच्या संमेलनांत वाचण्यासाठी रॉबिन्सन यांनी गॅरकच्या नावाने रोजनिशी लिहायला घेतली होती. तिच्यातूनच ‘अ स्टिच इन टाइम’ ही कादंबरी घडली आणि २००० साली प्रसिद्ध झाली.