राखण मागे राहिली: अल्पाका, लामा आणि कुत्र्यांचा इतिहास

पेरूच्या दक्षिण किनाऱ्यावर इलो शहराजवळ चिरिबाया लोकांची दफनभूमी सापडली. काळ साधारण इ.स. ९०० ते १३५०. तिथल्या कोरड्या मातीत माणसांच्या शेजारी कुत्रीही पुरलेली आहेत. काहींच्या अंगावर घोंगडी आहेत, तर काहींजवळ खाणं ठेवलेलं आहे. ही कुत्री लामांचे, म्हणजे उंटाच्या कुळातल्या लोकरीच्या जनावरांचे, कळप वळायची, असं संशोधक मानतात. आज लामा किंवा त्याच कुळातला, त्याहून लहान असलेला अल्पाका पाळणाऱ्याला सगळ्यात जास्त धास्ती कसली असते असं विचारलं, तर अनेक देशांत उत्तर मिळतं: कुत्र्यांची. हा उलटा प्रवास कसा झाला, हे समजून घेतल्याशिवाय कुंपणाची उंची ठरवून फारसं काही साधत नाही, असं मला वाटतं.

दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या पुना पठारावर, चार हजार मीटर उंचीच्या आसपास, ही जनावरं माणसाळली त्याला सहा-सात हजार वर्षं झाली. अल्पाका विकुन्यापासून आला आणि लामा ग्वानाकोपासून. दोघांचेही पूर्वज उघड्या माळावर जगणारे. दुरून बघायचं, धोका दिसला की तीक्ष्ण आवाजात इशारा द्यायचा आणि कळपानं मिळून पळायचं, ही त्यांची संरक्षणाची रीत. पिल्लं जन्मतात तीही बहुधा सकाळी ते दुपारपर्यंत, म्हणजे गोठवणारी रात्र येण्याआधी अंग वाळतं आणि पिल्लू उभं राहतं. शत्रूही ठरलेले होते: प्यूमा ही मोठी रानमांजर, कुल्पेओ नावाचा अँडीजचा कोल्हा, आणि अशक्त नवजात पिल्लांवर उतरणारा कॉन्डोर हा गिधाडासारखा पक्षी.

पण नुसत्या पळण्यावर हे कळप हजारो वर्षं टिकले नाहीत. दिवसभर गुराखी सोबत असे आणि संध्याकाळी कळप दगडी वाडग्यात जाई. अशा बंदिस्त आवाराला केचुआ भाषेत ‘कांचा’ म्हणतात. इंकांच्या काळात ‘चाकू’ नावाचा मोठा हाका होई. हजारो माणसं साखळी करून विकुन्या आणि ग्वानाको घेरत, लोकर कातरून बहुतेकांना सोडून देत, आणि त्याच घेऱ्यात सापडलेले प्यूमा आणि कोल्हे मारून टाकत. थोडक्यात, कळपाची राखण हे कुणाचं तरी रोजचं काम होतं.

पुढे ही जनावरं जगभर निघाली. १८५८ मध्ये चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्यानं अल्पाकांचा कळप सिडनीला पोचवला, पण तो प्रयोग रुजला नाही. अमेरिकेत १९३० मध्ये लाळ्या-खुरकुत रोगाच्या भीतीनं दक्षिण अमेरिकेतून अशी जनावरं आणण्यावर बंदी आली. १९८४ मध्ये चिलीहून अल्पाका तिथे उतरले, आणि पुढच्या दशकभरात ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन इथेही त्यांचे कळप उभे राहिले. जनावरं आली, त्यांच्या लोकरीचं कौतुक आलं, पण सोबत गुराखी आला नाही. त्याची जागा कुंपणानं घेतली. आणि इथेच मोठी चूक झाली. अल्पाका कुंपणाशी झुंजत नाही, त्याला आत ठेवायला छातीएवढी जाळी पुरते. म्हणून लोकांनी तेवढीच जाळी लावली. कुत्र्याला बाहेर ठेवायला ती पुरत नाही, कारण कुत्रा वरून उडी मारतो आणि खालून उकरतो.

त्यात लामाच्या ‘राखणदार’ म्हणून झालेल्या प्रसिद्धीची भर पडली. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सरकारी जमिनींवर शिकारी प्राण्यांसाठी विष वापरण्यावर बंधन आलं, आणि कोयोट या लांडग्यासारख्या रानटी प्राण्यानं हैराण झालेले मेंढपाळ दुसरे उपाय शोधू लागले. काहींनी ग्रेट पायरनीज, अनातोलियन अशा जातींची राखणीची कुत्री आणली, तर काहींनी मेंढ्यांत लामा सोडला. १९९० च्या दशकात आयोवा स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच राज्यांतल्या १४५ मेंढपाळांकडून माहिती गोळा केली. लामा आल्यावर नुकसान घटल्याचा अनुभव त्यांतून पुढे आला. खच्ची केलेला एकटा नर चांगलं काम करतो, हेही दिसलं. कारण साधं आहे: स्वजातीचं कुणी नसलं की तो मेंढ्यांनाच आपला कळप मानतो, दोन-तीन लामा असले तर ते आपापसांतच रमतात. पुढे यूटामध्ये प्रत्यक्ष कळपांवर झालेल्या अभ्यासात मात्र सुरुवातीला दिसलेला फायदा नंतर ओसरला.

हे सगळं खरं असलं, तरी त्यातून भलताच अर्थ काढला गेला. लामा एकट्या कोयोटाच्या किंवा कोल्ह्याच्या अंगावर धावून जातो, लाथा मारतो, त्याला पिटाळतो. दोन-तीन कुत्री एकत्र आली, की तोच लामा शिकार होतो. अल्पाका तर त्याच्याहून बराच लहान. त्याला टणक खूर नाहीत, तळपाय मऊ, आणि पुढच्या वरच्या जबड्यात दातांऐवजी नुसती कडक गादी. कोल्ह्याला पोट भरायचं असतं, तर मोकाट सुटलेल्या पाळीव कुत्र्याला पाठलागाचीच झिंग चढते, म्हणून तो एका जनावरापाशी थांबत नाही. चावे दाट लोकरीखाली झाकले जातात. वरून धड दिसणारं जनावर दोन दिवसांनी जखम चिघळून मरतं, आणि गाभण मादी नुसत्या धावपळीनं गाभडू शकते. साडेअकरा महिन्यांचा गर्भकाळ असलेल्या जनावरात हे नुकसान भरून यायला वर्षं लागतात. मला हे सगळ्यात जास्त टोचतं, कारण त्या कुत्र्याला मालक असतो आणि गेट उघडं ठेवणारा हातही माणसाचाच असतो.

कायद्यालाही हे उशिरा दिसलं. ब्रिटनच्या १९५३ च्या पशुधन संरक्षण कायद्यात गायी, मेंढ्या, शेळ्या, डुकरं, घोडे, गाढवं, कोंबड्या यांची नावं होती, अल्पाका-लामांची नव्हती. तेव्हा तिथे ते शेतात नव्हतेच, त्यामुळे त्या काळाला दोष देता येत नाही. दोष आहे तो नंतरच्या दिरंगाईचा. स्कॉटलंडनं २०२१ मध्ये दोघांचा समावेश केला, आणि शिक्षा ४० हजार पौंडांपर्यंत दंड किंवा वर्षभर तुरुंगवास इथपर्यंत वाढवली. इंग्लंड आणि वेल्ससाठी आणलेलं सरकारी विधेयक २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. पुन्हा आणलेलं विधेयक कॉमन्सनं, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहानं, संमत करेपर्यंत २०२५ उजाडलं.

प्यूमानं मात्र या जनावरांची पाठ सोडली नाही, कारण उत्तर अमेरिकेत तो आधीपासूनच होता. नोव्हेंबर २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मालिबूजवळ, गळ्यात रेडिओ पट्टा असलेल्या ‘पी-४५’ या प्यूमानं एका रात्रीत दहा अल्पाका मारले. बंद जागेत सगळा कळप घाबरून पळत राहिला, की शिकारी खाण्यापुरतं मारून थांबत नाही. त्याला ठार करण्याचा परवाना निघाला, त्यावर मोठा वाद झाला, आणि अखेर त्या परवान्याखाली तो मारला गेला नाही. वर्षभरानं राज्याच्या वन्यजीव खात्यानं सांता मोनिका आणि सांता आना डोंगररांगांसाठी नियम बदलला. पहिल्याच हल्ल्यानंतर मारण्याची परवानगी मिळत नाही. आधी मालकानं हल्ला रोखण्याचे, न मारता करता येणारे उपाय करावे लागतात.