गंगावेशीतला दुधाचा ग्लास

संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या राहतात. गवळी आपल्यासमोरच धार काढतो आणि काठोकाठ फेसाळलेला ग्लास हातात देतो. ग्लास कोमट लागतो, वरच्या ओठावर फेसाची मिशी उमटते. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला याचं अप्रूप वाटत नाही. माझ्या मामेभावानं मात्र याच कट्ट्यावर एकदा अर्धा ग्लास तसाच परत ठेवला होता, तो प्रसंग मी विसरलेलो नाही.

तो तेव्हा अठरा वर्षांचा होता, तालमीत जायचा. खुराकात दूध, तूप, बदामाची थंडाई. लहानपणी तांब्याभर दूध सहज रिचवणाऱ्या या पोराला आता दूध प्यायलं की तासाभरात पोट गुडगुडायला लागायचं, फुगायचं, कधी मैदान सोडून पळावं लागायचं. वस्ताद म्हणाले, "दूध पचत न्हाई तो पैलवान कसला?" हे वाक्य त्याला फार लागलं. पुढचे कित्येक महिने तो पोट धरून दूध रेटत राहिला. त्याच्या अंगात काहीच खोट नव्हती, आणि हे त्याला तेव्हा कुणी सांगितलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. म्हशीच्या दुधात ती साधारण पाच टक्के असते, म्हणजे पाव लिटरच्या ग्लासात बारा ग्रॅमच्या आसपास. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज अशा दोन छोट्या साखरा एकमेकींना जोडून लॅक्टोज बनते आणि ही जोडी आतड्याच्या भिंतीतून रक्तात जाऊ शकत नाही. तिला आधी तोडावं लागतं. ते काम लॅक्टेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, करतं. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे उभे राहिलेले सूक्ष्म तंतू असतात, त्यांच्या टोकांवर हे विकर बसलेलं असतं. विकर हे प्रथिनच. पेशीत लॅक्टेजची माळ तयार होते ती १,९२७ अमिनो आम्लांची. पुढे तिची काटछाट होते आणि घडी पडून ती कामाला लागते. कुठल्या आम्लानंतर कुठलं आम्ल ओवायचं हे ज्या जनुकात लिहिलेलं असतं ते आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे.

मामेभावाचं हे जनुक बिघडलेलं असणार का? नाही. जन्मतःच लॅक्टेज नसणारी मुलं अगदी क्वचित सापडतात. बाकी सगळ्यांचं जनुक शाबूत असतं, फक्त वयाबरोबर ते मंदावतं. वासरू असो, मांजरीचं पिल्लू असो, अंगावरचं पिणं सुटलं की शरीर लॅक्टेज बनवणं कमी करत जातं. माणसातही तेच होतं. कुणाचं लहानपणीच, कुणाचं मिसरूड फुटताना. जगातल्या साधारण दोन तृतीयांश मोठ्या माणसांना लॅक्टोज पुरतं पचत नाही. निसर्गाचा मूळ नियम हाच आहे आणि म्हातारपणापर्यंत दूध पचवणारे लोक हा त्याला अपवाद.

अपवाद कसा घडला, ते २००२ साली फिनलंडमधल्या कुटुंबांच्या अभ्यासातून उलगडलं. लॅक्टेजच्या जनुकाच्या सुमारे चौदा हजार अक्षरं आधी, शेजारच्या दुसऱ्याच जनुकाच्या पोटात, डीएनएचं एक अक्षर बदललेलं सापडलं. 'सी'च्या जागी 'टी'. एवढाच फरक. ही जागा विजेच्या बटणासारखी आहे. 'टी' असेल तर बटण मोठेपणीही चालू राहतं, आणि आई किंवा वडील यांपैकी एकाकडून जरी हे अक्षर आलं तरी पुरतं. गुरं पाळणाऱ्या समाजांत गेल्या काही हजार वर्षांत ते झपाट्यानं पसरलं. पूर्व आफ्रिकेतल्या पशुपालकांत हेच काम त्याच भागातल्या वेगळ्याच अक्षरांच्या बदलानं झालं. एकाच अडचणीवर निसर्गानं दोनदा स्वतंत्रपणे तोडगा काढावा, हे मला फार विलक्षण वाटतं.

भारताचं काय? दोन हजारांहून अधिक भारतीयांचे नमुने तपासून २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्याकडे दूध पचवणाऱ्यांत मुख्यतः तोच युरोपात दिसणारा 'टी' आहे आणि मुळात तो एकाच पूर्वजाकडून दोन्हीकडे आलेला आहे, असं त्यात दिसलं. वायव्येकडून दक्षिण आणि पूर्वेकडे येताना त्याचं प्रमाण कमी होत जातं. म्हणजे एकाच तालमीत, एकाच वस्तादाच्या हाताखाली, शेजारी शेजारी जोर मारणाऱ्या दोन पोरांची ही बटणं वेगवेगळी असणं अगदी साहजिक आहे.

न तुटलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात जातं. तिथले जिवाणू त्यावर ताव मारतात, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो, साखर पाणी ओढून घेते. गुडगुड, फुगारा, जुलाब यातूनच. त्यातला थोडा हायड्रोजन रक्तातून फुप्फुसात आणि तिथून श्वासात येतो, म्हणून नळीत फुंकर मारायला लावून डॉक्टर याचं निदान करू शकतात. धारोष्ण दूध पचतं आणि तापवलेलं जड जातं, हा समज मात्र खरा नाही. लॅक्टोज दोन्हींत सारखंच असतं. उलट कच्च्या दुधातून ब्रुसेलासारखे रोगजंतू येऊ शकतात, म्हणून दूध तापवूनच प्यावं असं माझं स्पष्ट मत आहे, कट्ट्यावर कितीही जीव असला तरी.

दूध सोसत नाही म्हणून सगळं सोडायचीही गरज नसते. एका वेळी ग्लासभर, तेही जेवणासोबत, बहुतेकांना चालतं. तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतंच. दह्यातल्या जिवाणूंकडे स्वतःचं लॅक्टोज तोडणारं विकर असतं, ते आपल्या पोटातही काम करत राहतं. आणि पांढऱ्या रश्श्याला कुणी घाबरू नये, ते दूध नारळाचं. दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी ही मात्र वेगळी गोष्ट. ती विकराची नसून प्रतिकारशक्तीची भानगड असते, तिथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रयोग करू नयेत.

जिवाणूंच्या याच विकरानं जीवशास्त्राचा इतिहास बदलला. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू लॅक्टोज समोर नसेल तर हे विकर बनवायच्या फंदात पडत नाही. ग्लुकोज आणि लॅक्टोज दोन्ही दिलं तर आधी ग्लुकोज संपवतो, थोडा थबकतो, मग लॅक्टोजकडे वळतो. पॅरिसमध्ये जाक मोनो यांना हा थबका दिसला. पुढे फ्रांस्वा जाकोब यांच्यासोबत त्यांनी १९६१ साली त्याचा अर्थ लावला: जनुकावर एक प्रथिन कुलपासारखं बसलेलं असतं आणि साखर आली की ते निघतं. जनुकं चालू-बंद होतात हे पहिल्यांदा इतकं स्वच्छ दिसलं. १९६५ साली आंद्रे ल्वॉफ यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं.

आज जैवतंत्रज्ञान शिकणारी मुलं या विकराला निळ्या ठिपक्यांवरून ओळखतात. काचेच्या बशीत जिवाणू वाढवताना एक खास रसायन घालतात. विकरानं ते तोडलं की वसाहत निळी होते. जिथे नवा डीएनए घुसून विकराचं जनुक मोडलं, ती वसाहत पांढरी राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी बशी उजेडात धरायची आणि निळ्यांतून पांढरे ठिपके काडीनं टिपायचे.

माणसाचं इन्सुलिन जिवाणूकडून पहिल्यांदा बनवून घेतलं गेलं १९७८ साली, तेही याच विकराच्या पाठीवर बसवून. इन्सुलिनच्या दोन माळा, २१ आणि ३० अमिनो आम्लांच्या. इतकी चिमुकली प्रथिनं जिवाणू मोडून टाकतो. म्हणून त्यांची जनुकं या विकराच्या जनुकाच्या शेपटाला जोडली आणि मध्ये मेथिओनाइन हे आम्ल ठेवलं. इन्सुलिनमध्ये मेथिओनाइन नसतंच, त्यामुळे नेमकं तिथेच तोडणाऱ्या रसायनानं माळ अलगद सुटी झाली. १९८२ साली अमेरिकेत या औषधाला परवानगी मिळाली. तोवर डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन काढावं लागे.

मामेभाऊ आता चाळिशीत आहे. दूध सोडलं, ताक आणि दही चालू ठेवलं, पोट कधीच शांत झालं. त्याच्या आईला मधुमेह आहे. परवा त्यांच्या घरी ताक काढायला फ्रिज उघडला, तर दाराच्या कप्प्यात मामीचं इन्सुलिनचं पेन होतं आणि आतल्या फळीवर झाकण ठेवलेलं दह्याचं पातेलं.